रुईले पानी कोन घालस वो?

हे वाक्य मी गेल्या चार वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आता गच्चीवर कोणी आलं की त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मी सांगून टाकते, हो, रुईच आहे, हो, मुद्दाम लावलीय, आणि हो, पाणीपण घालते. पहिल्यांदा विचारलं ते शेजारच्या नानींनी. त्या पापड वाळत घालायला आमच्या गच्चीवर आल्या होत्या, दोन ड्रम बघून कंबरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. "येडी शेस का? उकिरडावरनी रुई कोनी कुंडीमा लावस का? रुईले पानी कोन घालस वो?" मी म्हटलं नानी, फुलपाखरांसाठी आहे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की आता हिच्या नवऱ्याला सांगावं लागेल.

तर हा सगळा उद्योग सुरू झाला माझ्या भाच्यामुळे. तो अमेरिकेत आयोवाला असतो, तिकडे नुसती मका आणि सोयाबीन, म्हणजे आपल्याकडे अमळनेर-पारोळ्याला जशी कपाशी तशी, नजर जाईल तिथपर्यंत. लॉकडाऊनमध्ये घरी बसून बसून त्याला बागेचा नाद लागला आणि एक दिवस व्हिडिओ कॉलवर फ्रिज उघडून दाखवतो, मावशी बघ, मी बिया फ्रिजमध्ये ठेवल्यात. ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळलेल्या. मी म्हटलं अरे बिया आहेत की दहीवडे? तर म्हणे तिकडच्या मिल्कवीडच्या बियांना महिनाभर तरी थंडी लागल्याशिवाय उगवायचंच कळत नाही, बर्फातून गेल्यासारखं वाटायला लागतं त्यांना. आणि मिल्कवीड कशाला, तर मोनार्क फुलपाखरासाठी. मोनार्कची मादी दुसऱ्या कुठल्याच झाडावर अंडी घालत नाही, अळी दुसरं काही खात नाही. मिल्कवीड नाही तर मोनार्क नाही, इतका साधा हिशोब.

मोनार्कची गोष्ट खरंच भारी आहे, थोडक्यात सांगते. उन्हाळ्यातली मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतात, पण पावसाळा संपल्यावर, म्हणजे तिकडचा फॉल, तेव्हा जी पिढी जन्मते ती आठ-नऊ महिने जगते आणि कॅनडा-अमेरिकेतून उडत उडत मेक्सिकोच्या डोंगरात जाते, चार-साडेचार हजार किलोमीटर, आधी कधी न बघितलेल्या जंगलात. ते जंगल बाहेरच्या जगाला सापडलं १९७५ च्या जानेवारीत. तिथे झाडांना इतकी चिकटून बसतात की ती मोजत नाहीत, किती जमीन व्यापली ते मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात साधारण १८ हेक्टर, आणि २०२३-२४ ला ०.९ हेक्टर. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मी मनात एकर केले, सव्वादोन एकर. आमच्या घरामागे जिभाऊंचं कपाशीचं शेत आहे ते अडीच एकराचं. म्हणजे अर्ध्या अमेरिकेची मोनार्क जिभाऊंच्या शेतात बसली असती आणि बांधाला जागा उरली असती. पुढच्या वर्षी १.७९ हेक्टर झाली म्हणून तो खूश होता.

असो. तर त्याने एकदा कॅमेरा पानाजवळ नेला आणि अळी दाखवली. काळे-पांढरे-पिवळे पट्टे, दोन्ही टोकांना काळी शिंगं. आणि मी म्हटलं थांब थांब, ही तर आपल्याकडे रुईवर असते! लहानपणी आम्ही बोरी नदीच्या काठाने जायचो तेव्हा रुईची पानं उलटी करून ह्या अळ्या बघायचो, काडीने डिवचायचो पण (लहान होतो, काय करणार). तो म्हणे अशक्य, मोनार्क भारतात नाही. मी म्हटलं लावतो का पैज. दुसऱ्या दिवशी स्कूटी काढून नदीवर गेले, फोटो पाठवले. तेव्हा कळलं की आम्ही दोघंही बरोबर. तिकडच्या मोनार्कच्या अळीला शिंगांच्या दोन जोड्या, एक पुढे एक मागे. आपल्याकडच्या अळीला तीन, मधे पाठीवर अजून एक जोडी. हे प्लेन टायगर, मोनार्कचं चुलत भावंड म्हणा. मिल्कवीड आणि रुई पण एकाच खानदानातल्या, तोच चीक, तेच विष, आणि ते विष खाऊन अंगात साठवायची तीच खोड, म्हणून पक्षी सहसा खात नाहीत. व्हॉट्सॅपवर दर पावसाळ्यात 'आपल्या गावात मोनार्क आलं' म्हणून फोटो फिरतो ना, ते हेच असतं, नाहीतर पट्ट्यापट्ट्यांचं स्ट्राइप्ड टायगर. केशरी पंख, टोकाला काळं आणि त्यात पांढरे ठिपके, उडणं एकदम आरामात, घाई नाहीच, कारण मला कोण खाणार आहे.

मग मला वाटलं आपणही लावू. इथून माझ्या चुका सुरू.

पहिली चूक, नदीकाठची चांगली कंबरेइतकी रुई उपटून आणली. उपटून म्हणजे ह्यांना फावडं घेऊन नेलं. रुईचं सोटमूळ खाली किती जातं त्याचा अंदाजच नाही आला, दोन फूट खणूनही मूळ खालीच चाललेलं, शेवटी तुटलं, तसंच आणून लावलं आणि आठ दिवसांत पानं लोंबली. मग बिया आणल्या. बोंड फुटून म्हाताऱ्या उडायला लागायच्या थोडं आधी तोडायचं, नाहीतर सगळ्या घरभर म्हाताऱ्या (माझा शिवणकामाचा धंदा आहे, एका कस्टमरच्या काळ्या मखमलीच्या ब्लाऊजवर त्या बसल्या, तो दिवस मी विसरणार नाही). आपल्या रुईला फ्रिज वगैरे लाड नाहीत, जूनमध्ये टाकल्या आणि उगवल्या. फांदीनेही येते, जाड जून फांदी घ्यायची, चीक सुकू द्यायचा एक-दोन दिवस आणि मग लावायची.

दुसरी चूक माती. इथे काळी माती फुकट मिळते म्हणून ड्रम भरला काळ्या मातीने. पावसाळ्यात तो ड्रम म्हणजे चिखलाचा हौद झाला, उन्हाळ्यात दगड. रुई उकिरड्यावर, भिंतीच्या भेगेत, मुरमात वाढते, तिला तेच पाहिजे. आता मी निम्मा मुरूम-वाळू, निम्मी माती, आणि वर्षातून एकदा मूठ-दोन मुठी शेणखत देते, बस. दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापून, खाली सात-आठ भोकं. पाणी पावसाळ्यात शून्य, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, आणि मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ च्या आसपास असतो आणि गच्चीवर चप्पल चिकटते, तेव्हा एक दिवसाआड. जमिनीतल्या रुईला मे महिन्यातही कोणी पाणी देत नाही हे नानींचं म्हणणं बरोबरच आहे, पण ड्रममधल्या रुईचं मूळ खाली जाणार कुठे, बिचारी स्लॅबवर आहे.

तिसरी चूक मी प्रेमाने केली. झाड वाढत नाही म्हणून जिभाऊंकडून वाटीभर युरिया आणला आणि दिला. आई शप्पथ, काय तरारलं! पानं ही एवढी, कोवळी, लुसलुशीत. आणि पंधरा दिवसांत प्रत्येक शेंडा पिवळाधमक. मावा.

मावा ह्या विषयावर मला बोलू द्या कारण रुईवाल्यांचं अर्धं आयुष्य ह्यातच जातं. हा पिवळा मावा, काळ्या पायांचा, आणि गंमत म्हणजे भाच्याच्या मिल्कवीडवर आयोवात जो असतो तोच माझ्या रुईवर अमळनेरात. त्यात नर जवळजवळ नसतातच, सगळ्या माद्याच, अंडी पण नाही, थेट पिल्लं घालतात आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिल्लं तयारच. कोवळी पानं आणि जास्तीचा नत्र म्हणजे त्यांना लग्नाची पंगत. माझ्याकडे हा येतो कुठून हे कळायला मला वर्ष लागलं. मी रुई धुवायची, चार दिवसांत परत. धुवायची, परत. शेवटी एकदा खाली अंगणात कण्हेरीच्या कळ्या तोडताना हाताला चिकट लागलं, बघते तर कारखाना इथे आहे. हा मावा कण्हेरीवर पण वाढतो, आणि आमची कण्हेर बरोबर गच्चीच्या कठड्याला टेकलेली. कण्हेर छाटली, निम्मा त्रास गेला.

आता मी काय करते ते सांगते. सकाळी सातच्या आसपास, म्हणजे दिवसभरात पान वाळेल. आधी पानं उलटून अंडी बघायची. प्लेन टायगरचं अंडं म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढं, पांढरट, उभ्या रेघांचं, एका पानावर बहुतेक एकच. जिथे अंडं आहे ते पान सोडायचं. बाकी शेंडे दोन बोटांत धरून (हातमोजा घालूनच) पुसून काढायचे, मग पाइपच्या धारेने खालून मारायचं. फारच झाला तर पाण्यात साबणाचा थेंब आणि जुना टूथब्रश, फक्त त्या जागेवर, नंतर साध्या पाण्याने धुवायचं. निंबोळी अर्क, कडुनिंबाचं तेल, 'ऑरगॅनिक आहे ताई काही होत नाही' असं काहीही नाही. अळीलाही ऑरगॅनिक कळत नाही, ती पण किडाच आहे. आणि मावा सगळाच नाही काढायचा, थोडा ठेवायचा, कारण त्याला खायला ढालकिडे येतात. मधेच काही मावे फुगून तपकिरी, कागदासारखे झालेले दिसतात, ते पुसू नका, त्यांच्या आत बारीक गांधीलमाशीचं पिल्लू आहे, ते बाहेर पडून बाकीच्यांचा समाचार घेतं. ढालकिडे कधीमधी फुलपाखराची अंडीपण खातात हे मला माहिती आहे. मी त्यांना माफ केलंय.

चिकाचं सांगायचं राहिलं आणि हे हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या वर्षी जूनमध्ये ह्यांनी छाटणी केली, गडी उघड्या हाताने, आणि घाम पुसताना डोळा पुसला. दुखलं नाही फारसं, हाच धोका आहे. पाण्याने धुतला, जेवले, झोपले. सकाळी म्हणतात आज धुकं का पडलंय? जूनमध्ये, खान्देशात, धुकं! एका डोळ्याने सगळं धूसर, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं रुई तोडली का, त्यांना बघताक्षणी कळलं, म्हणजे असे पेशंट येतात. थेंब दिले, आठवड्यात बरं झालं, पण तो आठवडा घरात मला कोणी 'फुलपाखरू' हा शब्द काढू दिला नाही. तेव्हापासून छाटणी मीच करते, हातमोजे, जुना गॉगल, पूर्ण बाह्यांचा ह्यांचाच शर्ट. चीक लागलेली कात्री वेगळी ठेवलीय, शिवणाच्या कात्रीला हात लावायचा नाही.

छाटणी पाहिजेच मात्र. रुई सोडली की उंच होते, खालून नुसती काठी, वर जून जाड पानं. जूनमध्ये पाऊस लागताना गुडघ्याएवढी ठेवून छाटते, दिवाळीनंतर एकदा हलकी. नवीन फूट आली की आठ-दहा दिवसांत मादी हजर. ती कशी शोधते बघायला मजा येते, पानावर बसते, पायांनी टकटक केल्यासारखं करते (पायांनीच चव घेतात), नापसंत पडलं की पुढे. अगदी आपण दुकानात साडीचा पोत बघतो तसं. पसंत पडलं की पोट खालून वळवून पानामागे एक ठिपका, आणि गेली.

अंड्यातून तीन-चार दिवसांत अळी निघते आणि आधी स्वतःचंच कवच खाते. मग पुढची गोष्ट मी शिवणाच्या भिंगाने बघितलीय आणि एकदा बघायला बसले तर भाजी करपली. पानात चीक इतका की बारीक अळी त्यात बुडून मरेल. तर ही काय करते, मोठी झाल्यावर पानाच्या मधल्या जाड शिरेवर जाऊन बसते, देठाच्या बाजूला, आणि शीर कुरतडते. पांढरा थेंब येतो. थांबते, डोकं बाजूला करते, तोंड पानाला पुसते, परत कुरतडते. असं करत करत शीर निम्मी तुटते आणि पान तिथून खाली वाकतं, एखाद्या मोडलेल्या छत्रीसारखं. पुढच्या भागातला चीक बंद. मग ही निवांत पुढे जाऊन कडेपासून खायला सुरू करते. पाण्याचा मेन कॉक बंद करून मग नळ बदलणारा प्लंबर बघितलाय ना, तेच. म्हणून रुईचं पान मधेच वाकलेलं दिसलं की मी खूश, लोकांना वाटतं झाड वाळतंय.

आणि हेच मला लोकांना समजावता येत नाही. नानी म्हणतात, "अळ्या पडन्यात वो, औषध मार." अळ्या पडाव्यात म्हणूनच तर लावलीय! गुलाबाच्या हिशोबाने बघितलं तर माझी रुई आजारी आहे, भोकंच भोकं, वाकलेली पानं, दोन फांद्या पार नागव्या. पण त्याच झाडावर परवा मी अकरा अळ्या मोजल्या. रुई महिन्याभरात परत फुटते, खोड आणि मूळ ठणठणीत असलं की बस, पानांचं काय मनावर घ्यायचं.

दुसऱ्या वर्षी मात्र फजिती झाली. अळ्या जास्त, पानं कमी. मी एका नर्सरीतून हळदीकुंकूची चार रोपं आणली. लाल-पिवळ्या फुलांचं असतं ते, हे मूळचं अमेरिकेकडचं मिल्कवीडच, आपल्याकडे शोभेला लावतात. पानं इतकी स्वच्छ, एक डाग नाही. मला तिथेच कळायला पाहिजे होतं. सहा अळ्या उचलून त्यावर ठेवल्या. संध्याकाळपर्यंत खात होत्या, सकाळी दोन खाली पडलेल्या, बाकीच्या लुळ्या, तोंडातून हिरवं पाणी. सहाच्या सहा गेल्या. काहीतरी औषध दिलेलं होतं, आणि काही औषधं अशी असतात की मुळातून झाडाच्या रसात जातात, पान धुवून काही होत नाही, आठवडेच्या आठवडे राहतात. आता नवीन रोप आणलं की विचारायचंच, आणि विचारूनही दोन-तीन महिने वेगळं ठेवायचं, आलेली जुनी पानं काढून टाकायची, नवीन फुटीवर एखादी माशी-मावा दिसायला लागला की मगच समजायचं की ठीक आहे. डागाळलेलं रोप आणा असं मी म्हणते तेव्हा नर्सरीवाले हसतात.

भाचा तर हळदीकुंकू लावूच नको म्हणत होता. त्यांच्याकडे दक्षिणेत, टेक्सास-फ्लोरिडाला, ते थंडीतही हिरवं राहतं, मग मोनार्क पुढे जायचं सोडून तिथेच रमतात आणि एका परजीवीचे बीजाणू पानांवर साठत जातात, अळी ते खाते आणि फुलपाखरू कोषातून वाकड्या पंखांचं निघतं. म्हणून तिकडे सांगतात की हिवाळ्याआधी वीतभर ठेवून कापून टाका. आपल्याकडे मोनार्कही नाही आणि तो प्रवासही नाही, पण कापायची सवय मी उचलली, सगळी जुनी पानं वर्षातून एकदा तरी जावीत हे मला पटलं. आणखी एक उचललं, अळ्या घरात डब्यात पाळायच्या नाहीत. एकदा कौतुकाने चौदा अळ्या एका प्लास्टिकच्या बरणीत ठेवल्या होत्या, दोन दिवसांत एक काळी पडली, मग तीन, मग सगळं पाणी पाणी. गर्दी आणि ओल. शाळेच्या मुलांना दाखवायला एखादी ठेवायची असेल तर ठेवा, खालची घाण रोज काढा, बाकी अळीला गच्चीच बरी.

फवारणीचं मोठं दुखणं आहे. खान्देशात कपाशी म्हटल्यावर जुलै ते सप्टेंबर फवारणी चालणारच, आणि जिभाऊंना मी कुठल्या तोंडाने सांगू की माझ्या अळ्यांसाठी तुमच्या अळ्या मारू नका. पहिल्या वर्षी वारा आमच्याकडे होता आणि दुपारपर्यंत गच्ची साफ. मी रडकुंडीला आलेली बघून जिभाऊंना वाईट वाटलं. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी बांधावरून हाक येते, "ताई, सकाय फवारनी शे, तुना किडा झाकी ले." मी दोन जुन्या नऊवारी ओल्या करून ड्रमवर टाकते, दुपारी काढते आणि पाने धुते. सगळं वाचत नाही, बरंच वाचतं. बांधावरची रुई मात्र कमी कमी होतेय, कारण आता निंदायला माणूस मिळत नाही, तणनाशक मारतात, बांधासकट. भाच्याच्या आयोवात हेच झालं. १९९६ पासून तणनाशक सहन करणारं सोयाबीन आलं, मग मका, आणि सरींमधली मिल्कवीड, जी पिढ्यानपिढ्या निंदूनही जात नव्हती, ती काही वर्षांत गेली. रुई अजून रस्त्याकडेला, नदीला, पडीक जागेवर भरपूर आहे, प्लेन टायगरला काही मोनार्कसारखी वेळ आलेली नाही. पण नदीवर जाताना मी आता ती मोजायला लागलेय, ही एक वाईट सवय लागली.

ह्यात सासूबाईंचा वाटा सांगितला नाही तर मला घरात राहता येणार नाही. दर शनिवारी त्या मारुतीला रुईच्या पानांची माळ नेतात. आधी नदीवरून पानं यायची, आता म्हणाल्या घरी आहे तर घरचीच. मी काय बोलणार. तर एका शनिवारी देवळात माळ चढवली, आरती सुरू झाली आणि मारुतीरायाच्या छातीवरून एक पट्ट्यापट्ट्यांची अळी हळूहळू खांद्याकडे निघाली. पुजारीबुवांनी घंटा थांबवली. सासूबाईंनी सगळ्यांसमोर पुढे होऊन ती पदरात घेतली, घरी आणली, आणि मला म्हणाल्या, घे, तुझी. तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी चष्मा लावून त्या प्रत्येक पान उलटून बघतात आणि खालची जून पानंच तोडतात, कारण मादी शक्यतो वरच्या कोवळ्या पानांवर घालते हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं होतं.

बाकी येणारे-जाणारे खूप. लाल-काळे ढेकणासारखे किडे शेंगांवर जमतात, त्यांचा त्रास नाही, बिया खातात. पिवळा-निळा रंगीत टोळ येतो, तो मात्र हावरट, एक टोळ म्हणजे पाच अळ्यांचं जेवण, आणि हात लावला तर पिल्लं अंगावर पिचकारी मारतात. तो मी चिमट्याने उचलून नदीवर सोडते, मारत नाही, त्याचंही घर रुईच आहे. भुंगे येतात फुलांवर, मोठे काळे, घुमत. आणि कुंडीत आपोआप आलेली घोळ मी आता भाजीला उपटत नाही, कारण त्यावर दुसरं एक फुलपाखरू अंडी घालतं, डॅनेड एगफ्लाय, त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, अंगात विष नाही पण सोंग असं की पक्षी फसतात. नर बघाल तर काळाकुट्ट, पांढऱ्या चंद्रांचा. नवरा-बायको आहेत हे कोणी सांगूनही खरं वाटणार नाही.

परवा काय झालं, एक कोष पडला. गच्चीच्या दारावर, कडीच्या बाजूला अळी लटकली होती, दार आपटलं आणि कोष खाली. इंचापेक्षाही लहान. पानावर असला की हिरवा असतो, हा दारावरचा म्हणून गुलाबीसर, आणि वर सोनेरी ठिपक्यांची ओळ, जरीच्या टिकल्या लावाव्यात तशी. फुटला नव्हता. जमिनीवर राहिला तर फुलपाखरू निघताना पंख पसरायला जागा मिळत नाही, मुडपलेले वाळतात. कोषाच्या वरच्या टोकाला काळा देठ असतो बारीक, त्याला मी चाळीस नंबरच्या पांढऱ्या दोऱ्याची सैल गाठ मारली. वीस वर्षं ब्लाऊजला हुक लावतेय पण हात असा कधी थरथरला नाही. दोऱ्याचं दुसरं टोक रुईच्या फांदीला, ऊन लागणार नाही असं, खाली मोकळी जागा ठेवून.

आज सकाळी बघितलं तर कोष गडद झालाय, आतून केशरी दिसतंय. म्हणजे उद्या, फार तर परवा. दिवाळीनंतरची छाटणी ह्या आठवड्यात करायची होती, हातमोजे काढून ठेवलेत, ती एक फांदी तेवढी सोडून बाकीची करीन म्हणते.